वन्संनी कॉलेज पारखले

वहिनींनी वन्संना पहिल्यांदा पाहिले ते लग्न ठरायच्या आधी. त्या दिवशी दारात उभी राहिली ती बाई नव्हती, तो चौकशी आयोग होता. वहिनी आजही शपथेवर सांगतात की बेल वाजायच्या आधीच दार आपणहून उघडले, कारण असल्या बाईला ताटकळत ठेवण्याची त्या दाराची छाती झाली नाही. आत येऊन वन्संनी खोलीभर नजर फिरवली तेव्हा महिनाभर ठिबकणारा नळ गप्प झाला, भिंतीवरचे बंद घड्याळ चालू लागले आणि वहिनींचे वडील, जे उभ्या नोकरीत कुठल्या साहेबासमोर उठले नव्हते, ते जे उभे राहिले ते वन्सं जाईपर्यंत बसलेच नाहीत.

वन्संनी चहा नको म्हटले. मुलीचे शिक्षण किती, स्वयंपाक येतो का, स्वभाव कसा, असले काहीही विचारले नाही. पर्समधून पेन काढून त्या म्हणाल्या, "तुझं आजवर कुणाकुणाशी भांडण झालंय, त्यांची नावं आणि पत्ते दे."

मुलीने घाबरून खरी नावे दिली. वरच्या मजल्यावरची बाई, जिच्या ओल्या कपड्यांचे पाणी खालच्या गॅलरीत गळे. कोपऱ्यावरचा कापडवाला, ज्याने फाटका तागा खपवला होता. शाळेतली एक मैत्रीण, जिच्याशी दोन वर्षे अबोला होता. वन्सं तिघांकडे जाऊन आल्या आणि संध्याकाळी त्यांनी निकाल जाहीर केला.

"भांडते चांगली. पण आपली चूक असली तर कबूल करते. बाळ्यासाठी घ्यायला हरकत नाही."

बाळ्या म्हणजे वन्संचा धाकटा भाऊ. चष्म्याचे दुकान चालवतो, डोक्यावर केस उरलेले नाहीत, तरी बाळ्याच. आणि 'घ्यायला' हा शब्द वहिनींनी वीस वर्षे जपून ठेवला आहे. भांडणात वेळप्रसंगी उपयोगी पडतो.

वन्संचे हे वागणे समजायचे तर त्यांची नोकरी समजून घ्यायला हवी. घरगुती यंत्रे बनवणाऱ्या एका कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात त्या फोनवर तक्रारी नोंदवून घेत. लग्न त्यांनी केले नाही. लोक लग्नात जेवढे ऐकून घेतात त्याहून जास्त त्या रोज सकाळी अकराच्या आत ऐकून घेत आणि त्याचा पगारही मिळे. या नोकरीतून त्यांचे एक तत्त्वज्ञान तयार झाले होते. "विकताना सगळेच लाडात येतात गं," त्या म्हणत. "वस्तू बिघडल्यावर कोण कसं बोलतं ते बघायचं. बाकी सगळी जाहिरात."

त्यामुळे घरात काहीही घ्यायचे ठरले की वन्सं दुकानात जात नसत. त्या कंपनीच्या तक्रार विभागाला फोन करून न घेतलेल्या वस्तूची तक्रार करीत. आज या घरात जो फ्रिज आहे तो घेण्यापूर्वीच दोनदा बिघडला होता. पंखा छताला लागण्याआधी जळाला होता. बाळ्याच्या दाताचा डॉक्टर ठरला तो तर वन्संच्या नसलेल्या दाढेतून नसलेले रक्त वाहिले तेव्हा. शेजारीपाजारी त्यांना तक्रारताई म्हणत, आणि तेही जरा हळू आवाजात.

यातली गंमत अशी की वन्सं खोटी तक्रार करीत आहेत असे कुणालाही वाटत नसे, खुद्द वन्संनाही नाही. बोलता बोलता त्यांना ती खरीच वाटू लागे. फ्रिजच्या वेळी वितळलेल्या लोण्याचे वर्णन करताना त्यांचा गळा दाटून आला होता आणि पलीकडचा माणूसही हळवा झाला होता. म्हणून तर तो फ्रिज घेतला. आणि खोटे कशाला बोला, तो अजून चालतो. पंखाही फिरतो. वहिनींना या पद्धतीवर बोलण्यासारखे पुष्कळ सुचे, पण चालत्या फ्रिजसमोर उभे राहून काय बोलणार?

तर अशा या वन्संकडे भाचीचे कॉलेज निवडण्याचे काम आले.

बाळ्या आणि वहिनींची लेक, घरात तिला बबडी म्हणतात, हिला एक्स-रे तंत्रज्ञ व्हायचे होते. लहानपणी मनगट मोडले तेव्हा हॉस्पिटलमध्ये एका काकूंनी तिला मशीनखाली हात ठेवायला सांगितले आणि मग सगळ्यांना दरडावले, "बाहेर व्हा." सगळे बाहेर झाले. आत्यासुद्धा. आत्याला बाहेर काढणारी व्यक्ती बबडीने त्यापूर्वी पाहिली नव्हती. त्या दिवसापासून तिचे ठरले.

पण या धंद्यात एक मेख आहे. शिक्षण पुरे झाले की या धंद्याच्या सरकारी परिषदेकडे नाव नोंदवावे लागते. नोंदणी नसेल तर कुठलेही हॉस्पिटल मशीनला हात लावू देत नाही, आणि मान्यता असलेला अभ्यासक्रम केलेला नसेल तर नोंदणी होत नाही. याचा जिवंत नमुना समोरच्याच बेकरीत उभा होता. बेकरीवाल्याच्या मुलाने तीन वर्षे कुठल्याशा कॉलेजात घालवून प्रयोगशाळेची पदवी आणली होती. ती पदवी कुणी विचारात घेईना. आता ती चौकटीत घालून पावांच्या मागे टांगलेली आहे आणि मुलगा तिच्या पुढे उभा राहून पाव कापतो. वहिनी पाव आणायला गेल्या की त्यांची नजर पावावर कमी आणि चौकटीवर जास्त. त्यांना धास्ती एकच होती: आपल्या पोरीची तीन वर्षे अशी भिंतीवर जाऊ नयेत.

शोधाशोध करून शेवटी दोन कॉलेजे उरली. एक काचेचे, एक पिवळे. काचेच्या कॉलेजला पुढून, मागून, जिन्यालाही काच होती आणि त्याच्या पत्रकावर सोनेरी शिक्का होता: आंतरराष्ट्रीय मानांकन प्राप्त. पिवळे कॉलेज एका जुन्या इस्पितळाच्या मागे होते, रंग पिवळा होता की पांढऱ्याचा झाला होता हे सांगणे कठीण. बबडीला अर्थातच काचेचे हवे होते, कारण तिची जिवाभावाची मैत्रीण तिथे चालली होती. बाळ्याचेही मत तिकडेच झुकले. त्याच्या मते ज्यांना काच पुसून घेणे जमते त्यांना बाकी सगळे जमते. धंद्याचा माणूस धंद्यातूनच बघणार.

शनिवारपर्यंत कुठे ना कुठे नाव घालायला हवे होते. वहिनी म्हणाल्या, परिषदेकडे विचारू या. वन्संनी त्यांच्याकडे अशा काही दयेने पाहिले की वहिनींनी हातातला गणवेश मुकाट्याने मशीनखाली सरकवला. वहिनी घरी शाळांचे गणवेश शिवतात.

"परिषद काय सांगणार? कागद बघून कागद सांगणार," वन्सं म्हणाल्या. "कॉलेज म्हणजे काय, पोरगी आत जाईपर्यंत सगळे पायघड्या घालतील. पोरगी बाहेर पडल्यावर तिला दारात उभं करतात का, ते बघायचं. मी माजी विद्यार्थिनी म्हणून जाते. मार्कशीट हरवलीय म्हणते. तू चल बरोबर."

"मी कोण म्हणून येऊ?"

"तू भावजय म्हणूनच ये. तुला दुसरं काही जमायचं नाही."

आधी दोघी पिवळ्या कॉलेजात गेल्या. तिथल्या खिडकीमागे एक कारकून बसला होता. चष्मा कपाळावर, आणि तो शोधण्यासाठी टेबलावर दोन्ही हात फिरत होते. वन्संनी खिडकीत तोंड घालून हरवलेल्या मार्कशीटची कथा सुरू केली. घर बदलताना ट्रंक गेली, ट्रंकेत फाइल होती, फाइलीत मार्कशीट होती. ट्रंकेपाशी त्यांचा आवाज कापरा झाला.

"वर्ष?" कारकून म्हणाला.

वन्संनी वर्ष सांगितले. त्याने कपाटातून एक जाडजूड रजिस्टर ओढले, धूळ वहिनींच्या अंगावर झटकली आणि पानावरून बोट फिरवले.

"नाही."

"नीट बघा ना जरा."

"नीटच बघतोय. आडनाव लग्नाआधीचं का?"

"लग्नच केलं नाही."

"मग एकच आडनाव. नाही ते."

"मागचं-पुढचं वर्ष बघा. माणसाला वर्ष नक्की आठवतं का?"

"स्वतःचं पास व्हायचं वर्ष आठवत नाही?" असे म्हणून तो जेवायला गेला. जेवून आला आणि आश्चर्य म्हणजे त्याने खरेच मागचे आणि पुढचे, दोन्ही रजिस्टरे काढली. पुन्हा बोट फिरले. मग त्याने चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि वन्संना प्रथमच नीट पाहिले.

"बाई, तुम्ही इथे शिकलाच नाहीत."

"असं कसं बोलता हो? तीन वर्षं मी या जिन्यावरून—"

"तीन वर्षांपूर्वीपर्यंत इथे जिनाच नव्हता, इमारत एकमजली होती. तुमच्या वर्षाला चौदा मुलं होती, चौदांची नावं इथे आहेत. तुम्ही पंधराव्या कुठून आलात? थांबा, साहेबांना बोलावतो. मार्कशीट मागायला येतात आणि पुढे काय करतात ते आम्हाला माहीत आहे."

साहेब येईपर्यंत दोघी इस्पितळ ओलांडून रस्त्यावर पोचल्या होत्या. वन्संना धाप लागली होती आणि अपमानाने त्यांच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता.

"शून्य," त्या म्हणाल्या. "या माणसाने मला पाणीसुद्धा विचारलं नाही. उद्या आपली पोरगी काही मागायला गेली तर असाच अंगावर येईल."

दुसऱ्या दिवशी काचेचे कॉलेज. तिथे खिडकीच नव्हती, सोफा होता. सोफ्यात वहिनी इतक्या खोल गेल्या की वर यायला त्यांना वन्संचा हात धरावा लागला. टाय घातलेला एक तरुण आला. दोघींना पाणी, मग कॉफी. वन्संनी ट्रंक काढली. तरुणाने मान हलवत, जीभ टाळ्याला लावत सगळी ट्रंक ऐकून घेतली.

"किती मनस्ताप झाला असेल तुम्हाला, ताई," तो म्हणाला.

वन्संच्या डोळ्यांत पाणी आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांच्या धंद्यातले खरे वाक्य त्यांनाच ऐकवले होते.

"वर्ष जरा जुनं आहे हो," त्या म्हणाल्या. "ही इमारतही नसेल तेव्हा."

"हरकत नाही. विषय कोणते होते तेवढं सांगा, म्हणजे टाइप करताना चूक नको व्हायला."

वन्संनी बबडीच्या पत्रकात वाचलेले विषय सांगितले. तरुणाने नाममात्र शुल्क घेतले, आत कुठेतरी प्रिंटर कुरकुरला आणि कॉफी संपायच्या आत जाडसर कागदावर मार्कशीट आली. सोनेरी शिक्का, दोन सह्या, पहिला वर्ग. वन्संनी ती दोन्ही हातांत धरून वरपासून खालपर्यंत तपासली.

"शरीररचनेत बावन्न?"

"किती होते, ताई?"

"नेमके आठवत नाहीत. पण बावन्न नक्कीच नव्हते."

तरुणाने माफी मागितली आणि अडुसष्ट करून आणले. काचेच्या जिन्यावरून उतरताना वन्सं वहिनींना म्हणाल्या, "बोलावं लागतं गं. नाहीतर लोक हातात काहीही ठेवतात." वहिनींना रस्ताभर काहीतरी टोचत राहिले. गणवेश घडी करून पिशवीत घातल्यावर वाटते ना, एखादी टाचणी आत राहिली, तसे. पण टाचणी कुठे आहे ते हाताला लागेना.

घरी वन्संनी निकाल सांगितला. इतक्या वर्षांच्या नोकरीत अशी सेवा त्यांनी पाहिली नव्हती. ना हेलपाटा, ना आवाज चढवणे, आणि चूक दाखवली तर जागच्या जागी दुरुस्ती. काचेचे कॉलेज नक्की. बबडीने आत्याच्या गळ्यात हात टाकले आणि मैत्रिणीला फोन लावला. बाळ्याने पुराव्यासाठी मार्कशीट मागितली, उजेडाकडे धरली आणि म्हणाला, "कागद उत्तम आहे." वहिनी खुर्चीत बसून एका विजारीची उंची वाढवत होत्या. उसवलेला धागा ओढता ओढता त्यांचा हात थांबला.

"वन्सं, एक विचारू?"

"विचार."

"तुम्ही त्या कॉलेजात शिकला होतात?"

"काहीतरीच काय. मी कशाला शिकेन?"

"मग ही मार्कशीट कुणाची?"

"माझी. हरवली होती ती, ट्रंकेबरोबर—" एवढे बोलून वन्सं थांबल्या. बाळ्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि मार्कशीट पुन्हा उजेडाकडे धरली, जणू या वेळी कागदातून दुसरेच काही दिसणार होते.

"आत्या," बबडीने फोन छातीशी धरून विचारले, "तुला शरीररचनेत अडुसष्ट?"

"बावन्न देत होते," वन्सं हळूच म्हणाल्या.

वहिनींनी वीस वर्षांत कमावलेली सगळी सभ्यता पणाला लावून हसू आवरले. "आणि तो पिवळ्या कॉलेजातला काय म्हणाला होता?"

"तुम्ही इथे शिकलाच नाहीत म्हणाला."

"मग? खरंच बोलला की तो."

वन्संनी मान खाली घातली. त्यांची पद्धत तशी वाईट नव्हती. फ्रिजच्या तक्रारीला जो चटकन हो म्हणतो तो भला, हे खरेच होते. कॉलेजचे काम नाही म्हणण्याचेही असते, हे त्यांच्या कानावर कधी आले नव्हते, कारण त्यांना फोन फ्रिजवाल्यांचेच येत.

दुसऱ्या दिवशी सगळे घर चष्म्याच्या दुकानात जमले, कारण कॉम्प्युटर तिथे होता. भिंतीवर लहान होत जाणारी अक्षरे, खाली पडद्यावर परिषदेची मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांची यादी. वहिनींनी बोट ठेवून वाचायला सांगितले: आधी कॉलेज, मग अभ्यासक्रम, मग मान्यता कधीपर्यंत. पिवळे कॉलेज होते. त्यातला एक्स-रेचा अभ्यासक्रमही होता, पण मान्यता पुढच्या वर्षापर्यंतचीच, आणि बबडी बाहेर पडणार त्याच्या नंतर. बबडीच्या चेहऱ्यावर आशा उगवली. वहिनींनी परिषदेला फोन लावला. फोन बराच वेळ वाजला. मग एका कंटाळलेल्या बाईने सांगितले की दर काही वर्षांनी तपासणी होते, या कॉलेजची नुकतीच झाली आहे, आणि मान्यता असताना प्रवेश घेतलेल्या मुलांची नोंदणी अडत नाही. "लेखी हवं असेल तर अर्ज करा," असे म्हणून तिने फोन ठेवला. वहिनींनी अर्ज केला.

काचेचे कॉलेज यादीत नव्हते. वरून, खालून, दुसऱ्या स्पेलिंगने, कसेही नव्हते.

"पण मानांकन आहे ना, आंतरराष्ट्रीय," बाळ्या म्हणाला. त्याला अजून काच सुटत नव्हती. पत्रकावर बारीक अक्षरांत त्या मानांकन मंडळाचा नंबर होता. वाचायला त्याला दुकानातले भिंग घ्यावे लागले. फोन वन्संनी लावला, कारण फोन हे त्यांचेच खाते. स्पीकर सुरू होता.

"मानांकन मंडळ, बोला," पलीकडून मधाळ आवाज आला.

वन्संनी आयुष्यभर आवाजच ऐकले होते. "अहो," त्या म्हणाल्या, "मी कालची. अडुसष्टवाली."

"हां, ताई, बोला. अजून एक प्रत हवी का?"

वन्संनी फोन ठेवला. बबडीने मैत्रिणीला तिथल्या तिथे फोन केला आणि दोघी बराच वेळ रडल्या. मैत्रिणीच्या वडिलांनी मात्र ऐकले नाही. त्यांना सोफा फार आवडला होता.

त्याच दुपारी वहिनी बबडीला घेऊन पिवळ्या कॉलेजपुढच्या इस्पितळाच्या एक्स-रे विभागात गेल्या आणि तिथल्या मुलीला विचारले, तू कुठे शिकलीस. "मागच्या पिवळ्यात," ती म्हणाली. "तिथला कारकून भेटला का? आमचा जीव खाल्ला त्याने. आता बाहेर व्हा, पेशंट आहे." दोघी बाहेर झाल्या. बबडीने डोळे पुसले.

शनिवारी प्रवेशासाठी वहिनी, बबडी आणि बरोबर वन्सं. खिडकीमागचा तोच कारकून कपाळावरचा चष्मा शोधत होता. त्याने वर पाहिले.

"तुम्ही पुन्हा? मार्कशीट मिळणार नाही."

"मी माझी नाही मागत," वन्सं म्हणाल्या. "भाचीला घालायला आलेय."

"आधी स्वतः शिकला म्हणालात, आता भाची. ही तरी तुमची आहे का?"

"आत्या आहे माझी," बबडी म्हणाली. आयुष्यात प्रथमच आत्याला कुणीतरी सोडवत होते, आणि आत्या खांबाला टेकून उभ्या होत्या. कारकुनाने बबडीचा प्रत्येक दाखला मागून-पुढून तपासला, दहावीच्या शाळेला फोन लावून खात्री करून घेतली आणि जन्मतारखेत एका ठिकाणी शाई पसरली होती म्हणून नवीन प्रत आणायला लावली. प्रत आणेपर्यंत खिडकी उघडी ठेवीन, एवढे मात्र म्हणाला, आणि ठेवली.

परतीच्या वाटेवर वन्संनी एकदा वळून पिवळ्या इमारतीकडे पाहिले. मग म्हणाल्या, "याला आपल्या कंपनीत एक दिवसही ठेवला नसता."

"नाही ना," वहिनी म्हणाल्या. "म्हणून तर घ्यायला हरकत नाही."

बबडी पहिल्या वर्षी भौतिकशास्त्रात नापास झाली. कारकुनाने गुण वाढवून दिले नाहीत. ती पुन्हा बसली, पास झाली, पुढे तिची नोंदणी झाली. नोकरीच्या मुलाखतीत मार्कशीट कुणी उघडूनही पाहिली नाही. रविवारी यायला जमेल का, एवढेच विचारले. ती हो म्हणाली, म्हणून आता रविवारी घरी नसते.

वन्संनी आपली अडुसष्टवाली मार्कशीट जोडून काचेच्या कॉलेजविरुद्ध परिषदेकडे तक्रार केली. त्यांनी स्वतः केलेली शेवटची आणि एकुलती एक खरी तक्रार. काही महिन्यांनी ते कॉलेज बंद पडले, पण ते इमारतीच्या मालकाला तिथे गाद्यांचे दुकान काढायचे होते म्हणून. वन्संच्या तक्रारीला नोंदणी क्रमांक मिळाला. ती विचाराधीन आहे.